पन्नास मायक्रॉन

कॅमेरा देताना खळदकरांनी एकच अट घातली,
शोकेसमध्ये ठेवायचा नाही.
तीस वर्षं त्यांनी त्याच्यात चिंचवडचे गिअरबॉक्स उतरवले,
क्रँकशाफ्ट, पिस्टन, एकदा कुणा मालकाच्या नातवाची मुंज.
रोलमागे बारा.
तेराव्याला देव जरी समोर उभा राहिला
तरी हात जोडायचे, म्हणायचे, आता उद्या.

मी त्याला डिजिटल बॅक घेतली, सेकंडहँड,
नारायण पेठेतल्या एका बंद पडलेल्या अल्बमवाल्याकडून,
बऱ्यापैकी स्कूटरच्या किमतीला.
चार्जर तपकीर गल्लीत मिळाला, चौथ्या दुकानात.
पहिल्या तिघांनी कॅमेऱ्याकडे बघून
"हे चालतं?" एवढंच विचारलं.

खळदकर म्हणाले, बॅक काय, पाठ म्हण की सरळ.
जुन्या धडाला नवी पाठ.
फिल्म मला पाठ होती,
ही तुझी तू पाठ कर.

खट्कन बसली. केबल जोडली, आरसा उडाला,
पाठीतला बारीक पंखा घुरघुरला
आणि पहिलाच चेहरा चुकला.
फोकस लावलेला डोळ्यावर,
खणखणीत आला तो कान,
आतला केससुद्धा मोजता येईल असा.

भोसरीला, जाफर शिकलगारांच्या शेडमध्ये,
ग्रॅनाइटच्या पाट्यावर त्यांनी तो उलटा निजवला.
आधी फडक्यानं हात पुसले, मग चष्मा.
डायलचा काटा थरथरून थांबला.
"पन्नास मायक्रॉन पुढे आलीय. केसाहून कमी."
आणि पितळेच्या पत्र्यातून
नखाएवढे चार तुकडे कापताना म्हणाले,
फिल्मचं वेगळं असतं, ताई. तिला बाक असतो.
इकडची तिकडची चूक ती पोटात घालते.
ही नुसती ताठ पाठ.
हिला पोटच नाही.
चाळीस रुपये घेतले. बिल मागितलं तर हसले.

रविवारी सहकारनगरच्या गच्चीत
मान खाली घालून मी काचेत बघते.
तिथे अजून सगळं उलटं:
तळजाईची टेकडी भलत्या बाजूला,
खळदकरांचा भांग दुसरीकडे.
सेन्सर काचेहून लहान, म्हणून
पेन्सिलीनं आखलेली एक चौकट.
चौकटीबाहेरचं दिसतं,
उमटत नाही.

त्या बाहेरच्या बोटभर पट्टीत शालनताई,
थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून
ऊन परतवताहेत त्यांच्या गालावर.
कोपर किती वाकवायचं, कुणी सांगत नाही.
ढग आला की तुकडा खाली,
गेला की वर.
म्हणजे पिस्टनांवरचा तो मऊ उजेड,
ज्याचं गिऱ्हाइकं इतकं कौतुक करायची,
तो ह्या मनगटाचा.
कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर छापलेलं असायचं,
छाया: मु. ग. खळदकर.
छाया त्यांची.
उजेडाखाली नाव नसायचं.

"बारा झाले," म्हणत खळदकर उठले. "रोल संपला."
काका, अजून दोनशे निघतील ह्यात.
"निघतील. मला बारापर्यंतच बसता येतं."
आणि चप्पल शोधत आत गेले.

मी चावी फिरवली, निव्वळ सवयीनं.
रिकामी खुर्ची.
शालनताईंनी थर्माकोल कठड्याला टेकवला,
दोन्ही हात झटकले,
खुर्चीखालचा कप उचलायला वाकल्या,
पेन्सिलीच्या आत,
आणि बोटं कपाला लागायच्या आधी
वर बघितलं.

तेरावा.

घरी येऊन शंभर टक्के मोठा करून पाहिला.
कपाचा कान धूसर.
डोळे खणखणीत,
भुवईवर थर्माकोलचा एक दाणा.